समता मोजायची तर भागायचे कशाने?

ऑक्टोबर २०१० मध्ये जपानमधील नागोया येथे जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी पुढील दशकासाठी वीस उद्दिष्टे ठरवली. त्यांतल्या अकराव्या उद्दिष्टानुसार २०२० पर्यंत जगातील १७ टक्के भूभाग व गोड्या पाण्याचे क्षेत्र आणि १० टक्के सागरी क्षेत्र संरक्षित व्हायचे होते, आणि त्याचा कारभार परिणामकारक व न्याय्य असायचा होता. क्षेत्रफळाची मोजदाद त्या दहा वर्षांत उत्तम झाली. देशादेशांचे नकाशे एकत्र आले, टक्केवारी वर्षागणिक प्रसिद्ध होत राहिली. न्याय्य कारभाराच्या अटीला मात्र त्या तोडीची मोजणी लाभली नाही. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला हेच उद्दिष्ट २०३० पर्यंत ३० टक्के असे वाढवण्यात आले आणि न्यायाची अट पुन्हा त्याच वाक्यात बसवण्यात आली. जमिनीचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला, अट आहे तिथेच राहिली. याचे एक कारण नेहमी सांगितले जाते की जमीन मोजता येते, न्याय मोजता येत नाही. हे कारण मला पटत नाही. पर्यावरणाच्या आणि जमिनीच्या धोरणांत समता मोजण्याचे प्रयत्न झालेले आहेत, आणि महाराष्ट्रात तर ते पन्नास वर्षांपासून चालू आहेत. त्या प्रयत्नांकडे एकत्र पाहिले तर दिसते की अडचण मोजपट्टीच्या अभावाची नाही. मिळालेला लाभ किंवा सोसलेली झीज कशाने भागायची, हेक्टराने, धरणाने, जिल्ह्याने, कुटुंबाने की माणसाने, हा निर्णय कुठेतरी आधीच, चर्चेविना झालेला असतो. उत्तर त्या भाजकातच ठरून जाते.

या विषयाच्या अभ्यासकांनी न्यायाचे तीन पैलू मानले आहेत आणि ही विभागणी आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही आली आहे. पहिला वाटपाचा: कोणाला काय मिळाले, कोणाचे काय गेले. दुसरा प्रक्रियेचा: निर्णय कोणी घेतला, कोणाला विचारले. तिसरा मान्यतेचा: ज्यांचा त्या जमिनीशी संबंध आहे त्यांना संबंधित म्हणून धरले का. पुस्तकात हे तिन्ही शेजारी शेजारी मांडलेले असतात, पण मोजणीच्या कामात त्यांचा क्रम उलटा लागतो. यादीत ज्याचे नावच नाही त्याला बैठकीचे बोलावणे जात नाही, आणि बैठकीत जो नाही त्याच्या वाट्याचा आकडा तक्त्यात येत नाही. आपल्याकडचे बहुतेक मूल्यमापन मात्र वाटपापासून सुरू होते आणि तिथेच थांबते.

महाराष्ट्रातला या प्रकारचा सर्वांत गंभीर प्रयत्न वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीचा. प्रादेशिक असमतोल हा तोवर भाषणांचा विषय होता. समितीने १९८४ च्या अहवालात त्याला हिशेबाची शिस्त लावली. सिंचन, रस्ते, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे ते काढायचे आणि ती तूट भरून काढायला लागणारी रक्कम म्हणजे अनुशेष. एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपयांचा निघाला आणि त्यात सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा होता. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ चा अनुशेष १४,००६.७७ कोटी रुपये इतका काढला. अन्यायाच्या भावनेला एका तपासता येणाऱ्या आकड्याचे रूप देणे ही मोठी गोष्ट होती आणि भारतातल्या फार थोड्या राज्यांनी ती केली. पण या पद्धतीत दोन मर्यादा होत्या. एक, अनुशेष रुपयांत मोजल्यामुळे तो खर्चाने भरतो असे गृहीत धरले गेले. खर्च आणि पाणी या वेगळ्या गोष्टी आहेत हे नंतर फार कटू रीतीने समोर आले. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दशकभरात सिंचित क्षेत्राचे प्रमाण अवघे ०.१ टक्क्याने वाढल्याचे दिसले आणि सुमारे ७० हजार कोटी रुपये गेले कुठे, या प्रश्नाने राज्य ढवळून निघाले. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. भाजक जिल्हा होता. एखाद्या जिल्ह्यात एक मोठा कालवा आला आणि त्याचे पाणी चार तालुक्यांतल्या बागायतदारांनाच मिळाले, तरी जिल्ह्याचा अनुशेष कमी होतो. त्याच जिल्ह्यातला पाचवा तालुका आणि पहिल्या चार तालुक्यांतले भूमिहीन हे दोघेही त्या हिशेबात भरपाई मिळालेले ठरतात. २०१३ मध्ये अहवाल देणाऱ्या विजय केळकर समितीने तालुका हा घटक धरण्याकडे कल दाखवला, ही सुधारणाच होती. पण भाजक लहान करत नेल्याने तो माणसापर्यंत आपोआप पोहोचत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण गोदावरीच्या खोऱ्यात आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात कलम १२(६)(ग) असे सांगते की, टंचाईचा भार खोऱ्यात समन्यायाने वाटला जावा यासाठी ऑक्टोबरअखेर त्या खोऱ्यातील किंवा उपखोऱ्यातील सर्व जलाशयांत वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील असे नियंत्रण करावे. जायकवाडीच्या वरच्या बाजूला नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत भंडारदरा, निळवंडे, मुळा, दारणा, गंगापूर अशी धरणे, खाली पैठणला जायकवाडीचा नाथसागर जलाशय आणि त्यावर अवलंबून असलेला मराठवाडा. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये या तरतुदीचे कोष्टक बसवले: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. प्राधिकरणाने २०१४ मध्ये ते स्वीकारले, मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले, आणि २०२३ सारख्या कमी पावसाच्या वर्षी ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश याच सूत्राने निघाला. या सूत्राचे गुण मनापासून मान्य केले पाहिजेत. ते सोपे आहे. त्याला तारीख आहे. धरणातला साठा रोज जाहीर होतो, म्हणून पैठणचा शेतकरीही शासनाचा आकडा पडताळू शकतो. पर्यावरण-धोरणात समतेचे इतके स्पष्ट आणि न्यायालयात टिकलेले परिमाण देशात क्वचितच सापडेल.

तरीही हे परिमाण धरणाधरणांतली समता मोजते, माणसामाणसांतली नाही. धरणाच्या दारातून पाणी बाहेर पडले की समन्यायाचा हिशेब संपतो. त्याच कायद्यात लाभक्षेत्रातील पाण्याचा कोटा जमिनीच्या प्रमाणात ठरतो, आणि ज्याला जमीन नाही त्याला कोटा नाही. टंचाईच्या काळात प्रत्येक जमीनधारकाला शक्यतो किमान एक एकर भिजेल इतका कोटा द्यावा अशी तरतूद तिथे आहे आणि ती त्या कायद्यातली सर्वांत समतावादी ओळ म्हणावी लागेल. पण तिची चर्चा ६५ टक्क्यांच्या चर्चेच्या शंभराव्या हिश्श्यानेही होत नाही. राज्यातील एकूण पिकाखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांच्या आसपास असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी दोनतृतीयांशाच्या आसपास पाणी घेतो, हे कृषी मूल्य आयोगाने आपल्या अहवालांत नोंदवलेले आहे. नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा या वादात दोन्ही बाजूंचा ऊस एकमेकांसमोर उभा राहतो आणि दोन्ही बाजूंचे कोरडवाहू शेतकरी व शेतमजूर आपापल्या उसामागे उभे केले जातात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी २६ लाख शेतकरी आणि सुमारे १ कोटी ३५ लाख शेतमजूर होते. शेतीत राबणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक ज्या भाजकात येतच नाहीत, त्या भाजकाने काढलेल्या भागाकाराला समन्यायी म्हणताना निदान हे नमूद तरी करायला हवे.

माणूस हा भाजक धरून काय होते, याचा प्रयोगही याच राज्यात झाला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे काम सुरू केले, ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम थोडे आणि स्पष्ट होते. पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला नाही, तो माणसाला आहे. दर माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, आणि कुटुंबाला कमाल अडीच एकरांचे. भूमिहीनालाही वाटा. उसासारखे बारमाही पीक घ्यायचे नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः घालायचा. हे नियम म्हणजे एक नैतिक आवाहन होते असे समजले जाते. माझ्या मते त्यांचे खरे मोल मोजणीच्या पद्धतीत आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून पाणी हे जमिनीचे अंग मानण्याची जी चाकोरी पडली होती, ती अर्ध्या एकराच्या एका आकड्याने मोडली. आणि हा आकडा मूल्यमापनासाठी बाहेरून लावलेला नव्हता. वाटप आणि मोजमाप एकच होते; पाळीपत्रक पाहिले की समता झाली की नाही ते कळत होते. पुढे सांगली जिल्ह्यात भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बळीराजा धरण व समन्यायी पाणीवाटपाच्या चळवळीत प्रत्येक कुटुंबाला पाणी हीच भूमिका मांडली. पाणी पंचायतीच्या सगळ्या योजना टिकल्या नाहीत, हे खरे आहे. उपसा योजनांना विजेचा खर्च पेलणे कठीण जाते आणि शेजारच्या शिवारात ऊस उभा असताना आपण तो न लावणे हे पिढ्यान्‌पिढ्या चालणारे व्रत नव्हे. पण योजना बंद पडल्या म्हणून माणशी मोजणी अव्यवहार्य ठरली, असा निष्कर्ष काढता येत नाही. जमिनीच्या प्रमाणात पाणी देणाऱ्या सरकारी उपसा योजनाही मोठ्या संख्येने बंद पडल्या आहेत, आणि त्यांच्यामुळे कोणी जमीन हा भाजक अव्यवहार्य ठरवला नाही.

पाणलोट विकासाकडे वळले की प्रश्न अधिक नाजूक होतो, कारण इथे निसर्ग खरोखरच सुधारतो आणि त्या सुधारणेची किंमत कोणी दिली हे झाकले जाते. राळेगणसिद्धीच्या पंचसूत्रीतील चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पुढे आदर्श गाव योजनेतून राज्यभर गेली. डोंगरउतारावर चर खणायचे, गवत वाढू द्यायचे, शेळ्या काही वर्षे आवरायच्या. माती अडते, विहिरींना पाणी चढते. डोंगर गावाचा असतो, विहीर कोणाएकाची असते. जॉन केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्र व आंध्र प्रदेशातील ८६ गावांत केलेला आणि आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत अजून मागे टाकता आलेला नाही. लोकसहभागावर भर देणाऱ्या, स्वयंसेवी संस्थांनी चालवलेल्या प्रकल्पांची कामगिरी सरकारी प्रकल्पांपेक्षा सरस होती असे त्यांना दिसले. पण त्याबरोबर हेही दिसले की डोंगर राखण्यात जे प्रकल्प सर्वांत यशस्वी झाले, त्यांच्यात अनेकदा सर्वांत गरिबांनीच, भूमिहीनांनी आणि मेंढपाळांनी, चराई व सरपणावर पाणी सोडले होते. म्हणजे न्याय केला की निसर्गही सुधारतो, हे आपल्याला आवडणारे समीकरण नेहमी खरे ठरत नाही. समतेची बाजू मांडणाऱ्यांनी या समीकरणावर आपली सगळी भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते. उद्या एखाद्या अभ्यासाने अन्यायातूनही झाडे चांगली वाढतात असे दाखवले, तर समतेचा आग्रह सोडायचा का? समता ही परिणामकारकतेची मोलकरीण नाही. तिची मोजणी तिच्यासाठीच झाली पाहिजे.

ती कशी करायची, यात तांत्रिक अडचणी आहेत आणि त्या टाळून चालणार नाही. एक काल्पनिक गाव घेऊ. शंभर कुटुंबे. पाणलोटाच्या कामानंतर विहिरी असलेल्या २५ कुटुंबांना वर्षाला प्रत्येकी ६४ हजार रुपये जादा मिळू लागले, कोरडवाहू ४५ कुटुंबांना प्रत्येकी १० हजार, आणि ३० भूमिहीन कुटुंबांचे शेळ्या विकाव्या लागल्याने प्रत्येकी ५ हजारांचे नुकसान झाले. गावाचा निव्वळ फायदा १९ लाख, कुटुंबामागे सरासरी १९ हजार. अहवालात हा आकडा येतो आणि तो खोटा नसतो. फक्त जमीनधारकांचा हिशेब केला तर सरासरी २९ हजारांवर जाते, आणि अनेक मूल्यमापने नेमका हाच हिशेब करतात, कारण लाभार्थ्यांची यादी सातबाऱ्यावरून तयार होते. सरासरी फसवते म्हणून विषमता मोजण्यासाठी गिनी गुणांक काढावा, तर तो ० ते १ च्या चौकटीत राहण्यासाठी सगळे आकडे धन असावे लागतात. काहींच्या वाट्याला वजाबाकी आली असेल तर गुणांक १ च्याही पुढे जाऊ शकतो आणि त्याचा नेहमीचा अर्थ लावता येत नाही. ही पंचाईत टाळायला भूमिहीनांचा लाभ शून्य धरला, की त्यांचे नुकसान तक्त्यातून नाहीसे होते. शिवाय विषमता किती हे गिनी सांगतो, तळाला कोण आहे हे सांगत नाही. तळाच्या तीस जणांची जागा वरच्या तीस जणांनी घेतली तरी गुणांक तोच राहतो. अँथनी अ‍ॅटकिन्सन यांनी १९७० मध्ये मांडलेला निर्देशांक निदान एका बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. समाजाला विषमता कितपत नकोशी आहे हे त्यात एका अंकाने उघड सांगावे लागते. तो अंक बदलला की निकाल बदलतो, म्हणून काहींना तो व्यक्तिनिष्ठ वाटतो. खरे तर असा अंक प्रत्येक मोजमापात लपलेला असतो. अ‍ॅटकिन्सन तो वर आणून ठेवतात. आपल्या कामासाठी यातून निघणारा धडा साधा आहे. एकच निर्देशांक काढण्याआधी ज्यांचे नुकसान झाले त्यांची संख्या आणि नुकसान वेगळ्या रकान्यात मांडावे, आणि त्या रकान्याची बेरीज फायद्याच्या रकान्यात कधीही करू नये.

जलयुक्त शिवार अभियानाचे मूल्यमापन आठवले की हे पटते. महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये ९,६३३.७५ कोटी रुपयांच्या खर्चानंतरही भूजल पातळीवर फारसा परिणाम झाला नाही असा ठपका ठेवला आणि त्यावर बरीच राजकीय चर्चा झाली. साठवण किती झाली, गाव टंचाईमुक्त झाले की नाही, हे प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारले. साठलेले पाणी कोणाच्या विहिरीत गेले, हा त्या वादाचा विषय झाला नाही.

वनजमिनीच्या बाबतीत हेक्टराचे साम्राज्य सर्वांत पक्के आहे. जंगल दुसऱ्या कामासाठी वळते केले की प्रकल्पाने निव्वळ वर्तमान मूल्य भरायचे, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात घालून दिला. २००८ च्या आदेशात जंगलाचा प्रकार आणि घनता पाहून हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर ठरले. हे मूल्य काढताना इमारती लाकडाबरोबर सरपण, गवत, गौण वनोपज यांचीही किंमत धरली गेली. म्हणजे जंगलाकाठच्या कुटुंबाचे जे जाते, ते हिशेबात घेतलेले आहे. पण पैसा जातो भरपाई वनीकरणाच्या निधीत, आणि २०१६ च्या कायद्याने त्याचा ९० टक्के भाग राज्यांच्या व १० टक्के केंद्राच्या निधीत राहतो. मोहफुले आणि तेंदूपाने गमावलेल्या गावाला त्यातून स्वतःच्या हक्काचा वाटा मिळत नाही. नुकसान माणसाचे मोजायचे आणि भरपाई हेक्टराला द्यायची, ही विसंगती इतक्या वर्षांत रूढ झाली आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या हिशेबाला पर्याय दिला. पण त्याच्या प्रगतीचे अहवालही दावे, मंजुरी आणि एकर यांचेच असतात. किती जमीन मागितली होती आणि किती मिळाली, हा फरक त्यातून कळत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना कोणी द्यायचा यावर वनखाते अडून बसले, आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः येऊन परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली तेव्हा हक्क खरा झाला. क्षेत्रफळाच्या तक्त्यात मेंढ्याचे २००९ आणि २०११ अगदी सारखे दिसतात. त्या दोन वर्षांमधला जो फरक आहे तोच न्यायाचा विषय आहे, आणि तो मोजायचा तर विचारावे लागते: बांबू कोणी तोडला, दर कोणी ठरवला, पैसे कोणाच्या खात्यात आले, तक्रार झाली तर कोणाच्या दारात. हे प्रश्न अवघड नाहीत. फक्त त्यांची उत्तरे उपग्रहावरून मिळत नाहीत.

प्रक्रियेच्या मोजणीतही हजेरीवर फार भर आहे. वनहक्क नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सभासदांची आणि उपस्थितांत किमान एकतृतीयांश स्त्रिया अशी झाली. बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधील सामुदायिक वनसमित्यांच्या दीर्घ अभ्यासात दाखवले की कार्यकारी समितीत स्त्रियांचे प्रमाण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेले की त्यांच्या बोलण्यात आणि निर्णयावरील प्रभावात फरक पडतो. म्हणून एकतृतीयांशची अट बिनबुडाची नाही. पण त्याच लेखिकेने सहभागाच्या पायऱ्याही सांगितल्या आहेत: नुसते नाव असणे, बैठकीला येऊन गप्प बसणे, विचारल्यावर बोलणे, स्वतःहून बोलणे आणि शेवटी निर्णय फिरवू शकणे. सरकारी इतिवृत्तात या सगळ्या पायऱ्या एकाच सहीखाली येतात. भूमिहीन बाईचे सरपण आणि शेतकरी बाईचे सरपण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिलीला बांधावरचे झाड नाही. स्त्रियांची टक्केवारी पूर्ण झाली तरी पहिलीचा प्रश्न पटलावर येईलच असे नाही. इतिवृत्तात कोणता मुद्दा कोणी मांडला आणि त्याचे काय झाले एवढी नोंद ठेवली, तरी हजेरीपेक्षा कितीतरी अधिक कळेल.

आणि आता गायराने, कारण मान्यतेचा प्रश्न इथे उघडा पडतो. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून मराठवाड्यात दलित कुटुंबांनी गायरान कसण्याचा हक्क मागितला, आणि १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी वहिवाट नियमित करण्याचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. त्यात भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवादही सांगितला. व्यवहारात आदेशाची चर्चा झाली, अपवादाची कमी. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सरकारी व गायरान जमिनी सौर प्रकल्पांसाठी दिल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू चांगला आहे आणि कोळसा कमी जळावा हे गरजेचेच आहे. प्रगती मोजली जाते मेगावॉटमध्ये आणि एकरांत. त्या एकरांवर कसणारा आहे, चारणारा आहे, आणि या दोघांचे हितही एक नाही. धनगराला पडीत गवताळ जमीन हवी, कसणाऱ्याला नांगरलेली. दोन गरिबांमधला हा ताण कोणत्याही सरासरीने सुटत नाही. पण तो मोजणीत दिसायलाच नको अशी व्यवस्था आपण केली आहे. शासनदप्तरी गायरान कसणारा गाव नमुना १-ई मध्ये सापडतो, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत. मेंढपाळ कोणत्याच नमुन्यात सापडत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की मोजमाप हे लक्ष्य बनले की ते खोटे होते. गणपूर्तीसाठी सह्या गोळा होतील, भूमिहीनांचा रकाना बसल्या जागी भरला जाईल. हा धोका खरा आहे, आणि हेक्टर मोजतानाही तो आहेच. कागदावर लागलेल्या रोपांची संख्या सर्वांना माहीत आहे. त्यावर उपाय मोजणे थांबवण्याचा नाही. जायकवाडीच्या सूत्राला जे बळ आहे ते त्याच्या उघडेपणामुळे: पैठणला बसून आकडा तपासता येतो. रोजगार हमीच्या सामाजिक अंकेक्षणात मस्टर गावात वाचून दाखवले जाते तेव्हा खोटी नावे ओळखू येतात, कारण ऐकणारे त्या नावांना ओळखतात. समतेचा तक्ताही तसाच ग्रामसभेत वाचला जावा. ग्रामसभेत जातीची उतरंड असतेच, म्हणून भूमिहीनांच्या आणि स्त्रियांच्या वेगळ्या सभेत तो आधी वाचला जावा. दुसरा आक्षेप घाईचा आहे: हवामान बदलाच्या काळात आधी जंगल, पाणी, सौर ऊर्जा, वाटपाचे नंतर पाहू. पण पाणलोटात आणि जंगलात नंतर कधी येत नाही, कारण विहिरीला पाणी चढले की ते विहीरमालकाचे होते आणि तो हक्क परत काढून घेणारा कायदा आपल्याकडे नाही. माणशी वाटपाने मोठ्या कुटुंबांचे फावेल, या तिसऱ्या आक्षेपाला साळुंख्यांच्या अडीच एकरांच्या कमाल मर्यादेने तेव्हाच उत्तर दिले होते.

राहता राहिला खर्चाचा आणि माहितीचा प्रश्न. कुटुंबागणिक पाहणी महाग पडते हे मान्य. पण या मोजणीसाठी लागणारी कागदपत्रांची परंपरा आपल्याकडे आहे. विदर्भात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या नोंदी १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही कायम ठेवल्या गेल्या. गावाच्या पडीक जमिनीवर कोणी काय चारायचे, लाकूडफाटा कुठून आणायचा, वाट कोणती, पाणी कुठले, हे त्यांत लिहिलेले असते. त्या नोंदी जमीन कोणाची हे सांगत नाहीत, तिचा वापर कोणाचा हे सांगतात. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात अशी नोंद करण्याची रीत नाही. सौर प्रकल्पासाठी, भरपाई वनीकरणासाठी किंवा पाणलोटासाठी सामायिक जमिनीची मोजणी होईल तेव्हा तलाठ्याच्या पंचनाम्याबरोबर वापराचे असे पत्रक तयार करणे बंधनकारक केले, हंगामी येणाऱ्या मेंढपाळांची नावे त्यात घेतली आणि ते संमतीआधी ग्रामसभेत वाचले, तर तीस टक्क्यांच्या उद्दिष्टातील न्यायाची अट तपासायला निदान एक आरंभरेषा मिळेल. ती काम सुरू होण्याआधीच आखावी लागते. कुंपण पडल्यावर दोन-चार वर्षांनी गेलेल्या पाहणीकाराला शेळ्या विकलेले कुटुंब गावात सापडत नाही. ते ऊसतोडीला किंवा शहरात गेलेले असते, आणि उरलेल्यांची मुलाखत घेऊन काढलेली सरासरी नेहमीच चांगली येते.